पांगुळगाडा, वॉकर आणि पायानं ढकलायची मोटार

जबलपूर हे गाड्यांचं गाव आहे. १९०४ मध्ये इथे तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे जीसीएफ, सुरू झाला, १९६९ मध्ये वाहन कारखाना आला, आणि लष्कराचे शक्तिमान ट्रक व जोंगा गाड्या इथून देशभर गेल्या. जोंगाच्या तर नावाच्या आद्याक्षरांतच जबलपूर आहे. रांझी, खमरिया आणि जीसीएफच्या वसाहतींत चाक, आस, ब्रेक हे शब्द जेवणाच्या ताटावरही ऐकू येतात. तरीही घरातल्या सगळ्यात लहान स्वाराची पहिली गाडी घ्यायची वेळ आली, की ती रंग आणि गाणं पाहून घेतली जाते. तोल कुठे आहे, चाक किती पळतं, थांबतं कसं, हे प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही.

गोंधळ तिथूनच सुरू होतो. मूल आठ-नऊ महिन्यांचं होऊन पलंगाला धरून उभं राहू लागलं की घरात सल्ले सुरू होतात. राइट टाउन किंवा नेपियर टाउनमधल्या मराठी घरातली आजी पांगुळगाडा सुचवते. बडा फुहारा किंवा सदरमधला दुकानदार ‘वॉकर’ म्हणून मध्ये कापडी बैठक असलेली गोल चौकट पुढे करतो. आत्या फोनवर लाल मोटारीचं चित्र पाठवते, ज्यावर बसून पायानं ढकलायचं. तिन्ही वस्तूंना चाकं आहेत, तिन्हींच्या खोक्यावर हसरं बाळ आहे, आणि तिन्हींच्या जाहिरातीत ‘बाळ लवकर चालेल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात या तीन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. गाडी मुलाला नेते की मूल गाडीला नेतं, हा एक प्रश्न विचारला तरी निम्मी निवड होऊन जाते.

आधी बैठकीच्या वॉकरबद्दल, कारण तो सगळ्यात जास्त खपतो आणि सगळ्यात कमी विचार करून घेतला जातो. मूल मध्ये बसतं, पायांची बोटं जमिनीला टेकतात, खालची सहा-आठ चाकं फिरतात. आईला स्वयंपाकाला अर्धा तास मिळतो, हा त्याचा खरा गुण, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या मुलाला अजून धड उभं राहता येत नाही, त्याला ही वस्तू सेकंदाला तीन फुटांहून जास्त वेग देते. ‘मी लक्ष ठेवून होते’ याचा उपयोग होत नाही, तो यामुळेच. समोरच्या खुर्चीवरून उठेपर्यंत चौकट पायरीपाशी पोचलेली असते.

कॅनडानं ७ एप्रिल २००४ रोजी या वॉकरवर बंदी घातली. विक्री, आयात, जाहिरात सगळंच बंद, जुना वॉकर दुसऱ्याला विकणंसुद्धा. असं करणारा तो जगातला पहिला देश. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना अनेक वर्षं हीच मागणी करत आली आहे. तिथल्या ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला. १९९० ते २०१४ या काळात तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत वॉकरमुळे आलेल्या, पंधरा महिन्यांच्या आतल्या मुलांची संख्या त्यात २,३०,६७६ अशी काढली आहे. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांना इजा डोक्याला किंवा मानेला झाली होती, आणि सुमारे चौघांतली तीन जिन्यावरून पडली होती. २०१० मध्ये तिथे वॉकरचं मानक सक्तीचं झालं. पायरीच्या काठावर चौकट अडेल अशी रचना त्यात आली. त्यानंतरच्या चार वर्षांत, आधीच्या चार वर्षांच्या तुलनेत, इजा २२.७ टक्क्यांनी घटल्या. घटल्या, थांबल्या नाहीत.

जबलपूरच्या जुन्या घरांत तर पायऱ्या मोजायच्या झाल्या तर दिवस जाईल. ओसरीवरून अंगणात दोन, स्वयंपाकघरात उतरायला एक, न्हाणीपाशी उंबरठा, वर गच्चीचा उघडा जिना. क्वार्टर्सच्या व्हरांड्यांनाही काठ असतोच. आणि पायऱ्या नसलेल्या फ्लॅटमध्ये मूल वॉकरमुळे जरा उंच होतं, त्यामुळे त्याचा हात टीपॉयवरच्या चहापर्यंत, इस्त्रीच्या वायरपर्यंत, टेबलावरच्या चादरीच्या टोकापर्यंत पोचतो.

हे झालं अपघाताचं. पण ज्या कामासाठी वॉकर घेतात, ते तरी होतं का? १९९९ मध्ये अमेरिकेत सीगल आणि बर्टन यांनी शंभरावर मुलांची तुलना केली. वॉकर वापरणारी मुलं बसायला, रांगायला आणि चालायला इतरांपेक्षा उशिरा लागली. भोवतालच्या मोठ्या ट्रेमुळे ज्यांना स्वतःचे पायच दिसत नव्हते, ती मुलं सर्वांत मागे होती. आयर्लंडमधल्या एका अभ्यासानं २००२ मध्ये हिशेबच मांडला. वॉकरमध्ये घालवलेल्या एकूण दर २४ तासांमागे एकट्यानं चालणं सरासरी ३.३ दिवसांनी लांबलं होतं. या अभ्यासात नोंदी पालकांनी दिलेल्या होत्या, मुलं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ मानू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. वॉकरमध्ये मूल पायाच्या बोटांवर ढकलतं, तोल चौकट सांभाळते. चालणं म्हणजे तोल सांभाळणं, आणि नेमकं तेच काम तिथे मुलाकडून काढून घेतलेलं असतं. हा वॉकर घेऊ नये. कमी वेळ वापरू, नजर ठेवू, अशा अटी घालून घेण्यापेक्षा तो पैसा दुसरीकडे घालावा.

घाईचं मूळ शेजारच्या मुलात असतं. शेजारचं दहाव्या महिन्यात चाललं, आपलं वर्षाचं झालं तरी धरूनच उभं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यात घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेबरोबर भारतही होता, म्हणजे दिल्लीची मुलंही त्यात मोजली गेली. एकट्यानं चालण्याची सर्वसाधारण मुदत त्यात ८.२ ते १७.६ महिने एवढी रुंद निघाली, सरासरी १२ महिन्यांच्या आसपास. रांगण्याचा टप्पा तर सुमारे चार टक्के मुलांनी गाळलाच. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, किंवा एकच बाजू वापरत असेल, तर मेडिकल कॉलेजमधल्या किंवा नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवावं. त्यावर उत्तर खेळण्याच्या दुकानात नाही.

शिवाय मुलं चालायला शिकतात ती प्रचंड सरावानं, आणि हा सराव फुकट असतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की मूल सर्वांत नीट चालतं ते उघड्यानं, आणि जाड कापडी लंगोटात सर्वांत वाईट. म्हणजे आजीनं उन्हाळ्यात नातवाला नुसतं झबलं घालून ओसरीवर सोडणं हे चालण्याच्या दृष्टीनं बरंच शास्त्रशुद्ध होतं. चालण्यासाठी यातलं कोणतंच खेळणं लागत नाही, हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते. मग ते खेळणं म्हणूनच पाहता येतं: मजा येते का, इजा होत नाही ना, किती महिने चालेल.

पांगुळगाडा या कसोटीला बैठकीच्या वॉकरपेक्षा कितीतरी वरचढ उतरतो. मूल त्याच्या आत नसतं, मागे असतं. त्याचं वजन त्याच्याच पायांवर असतं, हात सोडले की ते खाली बसतं, गाडा पुढे जातो, एवढंच. कल्पना फार जुनी आणि सर्वदूरची आहे. सुमारे १४४० मधल्या, क्लेव्हच्या कॅथरीनच्या प्रार्थनापुस्तकात बाळ येशू लाकडी चौकटीच्या आधारानं चालताना रंगवलेला आहे. बॉश या चित्रकाराच्या व्हिएन्नात असलेल्या एका चित्राच्या मागच्या बाजूला तोच बाळ, तशीच चौकट. आपल्याकडे सावंतवाडीची चितारआळी, कर्नाटकातलं चन्नपट्टण, उत्तरेला बनारस ही लाखकामाच्या लाकडी खेळण्यांची घराणी. जबलपूरकरांना इतकं लांब जायलाही नको. इथून पश्चिमेला वाहत जाणारी नर्मदा पुढे नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादला पोचते, तिथे पलीकडच्या काठावर सीहोर जिल्ह्यातलं बुधनी लागतं. दुधीच्या हलक्या, गोऱ्या लाकडाला चरकावर कातून लाखेचे रंग चढवणारे कारागीर तिथे आहेत, आणि पांगुळगाडाही तिथे घडतो.

आता या गाड्याचं कौतुक बेतानं करायला हवं. जुना तीनचाकी पांगुळगाडा दिसतो देखणा, पण त्याच्या घडणीत एक खोट आहे. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मुठीचा दांडा मागच्या आसाच्या वर किंवा त्याच्याही मागे. चालणारं मूल तो पुढे ढकलतं तेव्हा सगळं ठीक असतं. पण त्याआधीच्या महिन्यात मूल बसलेलं असतं आणि तोच दांडा धरून स्वतःला वर ओढतं. त्या क्षणी वजन मागच्या आसाच्या मागे पडतं, पुढचं चाक उचलतं आणि गाडा मुलाच्या अंगावर येतो. त्यात भर म्हणजे वळताना तीन चाकांचा गाडा कुशीवर कलंडतो.

याची परीक्षा दुकानातच करता येते. दांड्यावर दोन बोटं ठेवून खाली आणि आपल्याकडे दाबावं. पुढचं चाक सहज उचललं तर गाडा परत द्यावा, रंग कितीही गोड असो. चार चाकांचा, मागचा पाया मुलाच्या पावलांच्या दोन्ही बाजूंनी मागे आलेला गाडा बराच स्थिर असतो. पेटीसारखा पुढचा भाग असलेला सर्वांत सोयीचा, कारण त्यात वजन ठेवता येतं. दोन किलो तांदळाची पिशवी पुढच्या कडेला ठेवली की उथळ गाडाही शहाणा होतो. मूल पक्कं चालू लागलं की तांदूळ डब्यात परत, आणि पेटीत बाहुल्या, वाट्या, आजोबांचा चष्मा.

दांड्याची उंची मुलाच्या कमरेच्या जरा वर, छातीच्या खाली असावी. त्याहून खाली असला की मूल वाकून चालतं, वर असला की लोंबकळतं.

मग चाक. इथे घराची जमीन निर्णय घेते. लाकडी चाक मातीच्या अंगणात किंवा खरबरीत फरशीवर धरून चालतं, तेच व्हिट्रिफाइड टाइल्सवर सुसाट सुटतं आणि मूल तोंडघशी पडतं. विजयनगर किंवा तिलवारा रोडकडच्या नव्या फ्लॅटमध्ये हा मोठाच प्रश्न. चाकाला रबराची धाव असलेला, किंवा चाक घट्ट करायचा स्क्रू असलेला गाडा तिथे घ्यावा. घरात आधीच लाकडी गाडा असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चाकावर नीट चिकटवून वेग मोडता येतो. पट्टीचं टोक सुटलेलं राहू नये, कारण मूल ते आधी शोधतं आणि मग खातं. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या पांगुळगाड्यांना पुढे गाणी, बटणं, फिरती चाकं असलेला फलक असतो. तो काढता येत असेल तर उत्तम, कारण बसून खेळायच्या महिन्यांत तो गाड्याविनाही कामाला येतो. पण हे गाडे फार हलके असतात. दोन बोटांची परीक्षा त्यांनाही चुकत नाही, आणि त्यात बरेच नापास होतात.

बसायच्या गाड्यांचा पसारा याहून मोठा. मुलानं दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचं आणि जमिनीला रेटा देत जायचं, या साध्या कल्पनेवर जर्मनीत १९७२ मध्ये ‘बॉबी कार’ निघाली. कमरेपाशी निमुळती, गुडघ्यांना जागा सोडणारी ती लाल मोटार आजही विकली जाते. १९७९ मध्ये अमेरिकेत ‘कोझी कूप’ आली, तिला छत आणि दार. भारतातल्या बहुतेक प्लॅस्टिक गाड्या या दोन वंशांच्या. हत्ती, बदक, स्कूटर, जीप असे चेहरे बदलतात, तत्त्व तेच. पांगुळगाड्यानंतरची ही पायरी चांगली आहे, कारण इथेही इंजिन म्हणजे मुलाचे पाय.

बसायची गाडी मुलाला घेऊन जाऊनच घ्यावी. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे जरा वाकलेले राहिले पाहिजेत. वर्षाच्या मुलासाठी बैठक जमिनीपासून वीतभर किंवा किंचित जास्त. ‘वाढतं अंग आहे, मोठीच घेऊ’ हा शर्टाचा हिशेब इथे चालत नाही, कारण पाय न पोचणारं मूल उतरताना पडतं. चाकं एकमेकांपासून लांब आणि बूड जड हवं. हँडल पूर्ण गोल फिरत असेल तर जोरात वळवताना गाडी उलटते, म्हणून थोडंच वळणारं बरं. बैठकीखाली सामानाचा कप्पा असतो, त्याचं झाकण बोटं चिमटणारं आहे का, हे मोठ्या माणसानं स्वतःचं बोट घालून पाहावं.

‘तीनात एक’, ‘चारात एक’ असं लिहिलेली गाडी ढकलायलाही, बसायलाही आणि पुढे दांडा लावून फिरवायलाही, असं सांगून विकतात. बसायची गाडी म्हणून ती ठीक असते. ढकलायची म्हणून बहुधा वाईट, कारण ढकलायचा दांडा म्हणजे तिची पाठच, आणि ती धरून उभं राहणाऱ्या मुलाचं वजन सगळं मागे पडतं. ती घ्यायचीच तर मूल चालू लागल्यावर घ्यावी.

मॅजिक कार म्हणून जी मिळते, हँडल डावं-उजवं हलवलं की पुढे सरकणारी, ती तीन वर्षांनंतरची. पेडलची तीनचाकीही साधारण अडीच-तीनच्या सुमाराला जमते, त्याआधी मूल पेडलवर पाय ठेवून बसतं आणि आजोबा ढकलतात. यात वाईट काही नाही, आजोबांचा व्यायाम होतो.

बॅटरीची जीप मात्र दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी आणली जाते ती बहुधा वाढदिवसाच्या फोटोसाठी. रिमोट बाबांच्या हातात, मूल पुतळ्यासारखं आत. बैठकीच्या वॉकरचाच हा श्रीमंत भाऊ, गाडी मुलाला नेते. पण मागणी मुलाची असली तर काय करायचं? शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तल्या रोहसेनालाही मातीची गाडी नको असते, शेजारच्या मुलाची सोन्याची हवी असते, म्हणजे ही तक्रार निदान दीड हजार वर्षं जुनी आहे. दोन वर्षांच्या मुलाची ती सहसा नसते. त्या वयात जीपपेक्षा जीपचं खोकं जास्त खेळलं जातं.

गाणी वाजवणाऱ्या गाडीत बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवंच. बटणासारखी चपटी बॅटरी मुलानं गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आत भाजू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग केवढा चालतो, यासाठी तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावेल तो भाग धोक्याचा. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी घरात शिल्लक असेल तर ती जवळपास त्याच मापाची आहे.

खुणांचं काय? क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये दिल्ली आणि परिसरातून १२१ प्रकारची आयात खेळणी घेऊन तपासली, त्यात जवळपास ६७ टक्के नापास झाली. त्यानंतर केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२० मध्ये आदेश काढला, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर खुणेजवळचा परवाना क्रमांक टाकला की तो खरा की खोटा ते कळतं. दुकानात उभ्या-उभ्या होणारं हे काम आहे आणि ते करावं. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना मात्र या सक्तीतून सूट आहे. म्हणून बुधनीच्या किंवा सावंतवाडीच्या गाड्यावर खूण नसली तर तो बेकायदा ठरत नाही, पण मग तपासायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून रंग सुटतो का पाहावं, कुसळं चाचपावीत, आसाचा खिळा ओढून बघावा, चाक काढायचा प्रयत्न करावा. मूल हे सगळं करणारच आहे.

घरातल्या जुन्या गाड्यांचाही प्रश्न असतो. नागपूरच्या काकांकडून रेल्वेनं आलेली, तीन मुलांनी चालवलेली लोखंडी तीनचाकी फेकून द्यायला जीव होत नाही. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम इतकी कडक झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा, पोपडे धरलेला ऑइलपेंट असेल तर गाडी मुलाच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नये. नुसतं घासून काढण्यानं शिशाची धूळ घरभर होते, तेव्हा अशी गाडी माळ्यावरच बरी. प्लॅस्टिकच्या जुन्या गाडीत बुडाला भेग गेली आहे का आणि आस वाकला आहे का, एवढं पुरतं.

जबलपूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. गच्चीवर राहिलेल्या गाडीची बैठक मे महिन्यात उघड्या मांडीला चटका देते, आणि वर्षभर उन्हात राहिलेलं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात लाकूड फुगून चाक जाम होतं, म्हणून लाखेचा गाडा ओसरीवरून आत घ्यावा, धुऊ नये, पुसावा. आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते महिन्यातून एकदा चिमट्यानं काढले की चाक परत मोकळं होतं. बाहेर न्यायची असेल तर भंवरतालच्या बागेतला सपाट भाग बरा. इमारतीच्या पार्किंगचा उतार नको, कारण पायानं ढकलायच्या गाडीला ब्रेक नसतो आणि मागे येणाऱ्या मोटारीच्या आरशात एवढं बुटकं वाहन दिसत नाही.